पडीक, ओसाड, नापीक : जमिनीला लावलेले हे शब्द कसे वाचायचे?

गोव्यात सध्या कुठल्याही ग्रामसभेला जा, जमिनीचा विषय निघतोच. कुठे भूरूपांतराची नोटीस आलेली असते, कुठे डोंगरकापणीवरून वाद पेटलेला असतो, कुठे सड्यावर, म्हणजे डोंगराच्या सपाट माथ्यावर, नवा प्रकल्प यायचा असतो. नगर नियोजन कायद्यातली १७ (२) आणि ३९ अ ही दोन कलमं तर आता चहाच्या गाड्यावरही ऐकू येतात. पहिलं २०२३ साली आलं, प्रादेशिक आराखड्यात अनवधानाने राहिलेल्या चुका दुरुस्त करण्याच्या नावाने. दुसरं २०२४ साली आलं, त्यातून जमिनीचा विभाग (झोन) बदलून घेता येतो. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने १७ (२) खालचे नियम आणि मार्गदर्शक तत्त्वं रद्द केली, तरी वाद शमलेला नाही.

या सगळ्या चर्चेत एक वाक्य हमखास ऐकू येतं : ‘तिथे आहे काय? सगळी पडीक जागा.’ पडीकच्या जागी कधी ओसाड येतं, कधी नापीक, कधी माळरान, कधी नुसतं ‘खडपाळ’. ऐकणाऱ्याला हे सगळे शब्द एकाच अर्थाचे वाटतात आणि सगळ्यांचा मिळून एकच बोध होतो : इथे काही नाही, इथे काहीही केलं तरी चालेल. प्रत्यक्षात यातला जवळजवळ प्रत्येक शब्द वेगळ्या प्रश्नाचं उत्तर आहे. एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या प्रश्नाखाली लिहिलं की गोंधळ होतो, आणि तो गोंधळ कुणाच्या तरी सोयीचा असतो. म्हणून हे शब्द नीट उलगडून बघायला हवेत.

## कोणता शब्द कशाबद्दल बोलतो?

‘ओस’ आणि ‘ओसाड’ हे शब्द माणसांबद्दल आहेत. गाव ओस पडतं, घर ओस पडतं. वस्ती होती, ती उठून गेली, एवढंच हा शब्द सांगतो. जमिनीच्या कसाबद्दल तो अवाक्षर बोलत नाही. सासष्टीत किंवा बारदेशात मालक परदेशी असलेली, वर्षानुवर्षं कुलूप लागलेली घरं ओस असतात आणि त्यांच्या परसातला फणस दर उन्हाळ्यात लगडलेला असतो.

‘उजाड’ या शब्दात काहीतरी गेल्याची नोंद आहे. झाडं होती, ती तुटली. पीक होतं, ते गेलं. मुळात जिथे झाडं नव्हतीच, त्या जागेला उजाड म्हणणं चूक आहे. ‘वैराण’ फारसीतल्या ‘वीरान’वरून आला आणि त्यातही उद्ध्वस्त झाल्याची छटा आहे. ‘भकास’ हा तर बघणाऱ्याच्या मनाचा शब्द. एकाच माळावर परगावहून आलेल्याला भकास वाटतं आणि तिथे गुरं राखणाऱ्याला वाटत नाही. म्हणून सरकारी अहवालात भकास हा शब्द सापडायचा नाही; पण अहवाल लिहिणाऱ्याच्या नजरेत तो असू शकतो.

‘पडीक’ हा कामाचा शब्द. जमीन कसायची ती कसली नाही, पडून राहिली. यात दोष असलाच तर कसणाऱ्याच्या परिस्थितीचा आहे, जमिनीचा नाही. गोव्यातली कितीतरी शेतं पडीक आहेत ती मजूर मिळत नाहीत म्हणून, कूळ आणि भाटकार (जमीनमालक) यांच्यातला दावा सुटत नाही म्हणून, किंवा एकाच सर्व्हे नंबरला वीस वारस आहेत म्हणून. ‘नापीक’ मात्र पिकाबद्दल बोलतो : पेरलं तर उगवणार नाही, किंवा परवडण्याइतकं उगवणार नाही. पडीक जमीन उद्या नांगर घातला तर पिकेल, नापीक पिकणार नाही. बोलताना हे दोन शब्द आपण सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो आणि सगळ्यात मोठं नुकसान इथेच होतं.

‘बरड’, ‘मुरमाड’, ‘कातळ’, ‘खारवट’ हे शब्द मातीचं आणि दगडाचं वर्णन करतात. शेतकऱ्याने घडवलेले, हाताने माती चोळून बघितल्यावर सुचलेले, हे सगळ्यात प्रामाणिक शब्द आहेत. आणि ‘माळ’, ‘माळरान’, ‘सडा’ हे तर वैराणपणाचे शब्दच नव्हेत. ती भूरूपांची नावं आहेत, जशी डोंगर, दरी, खाडी. मडगावचं मालभाट किंवा वास्कोचं हेडलँड सडा म्हणताना आपल्या डोळ्यांपुढे उजाडपणा येत नाही. माळढोक पक्ष्याच्या तर नावातच माळ आहे. माळ मोडला आणि तो पक्षी आज नामशेष होण्याच्या काठावर उभा आहे.

## वाळवंटात गर्दी आणि जंगलात मोकळं रान

शब्द किती फिरतात याची दोन उदाहरणं बघण्यासारखी आहेत.

शाळेच्या भूगोलात वाळवंट म्हणजे राजस्थानातलं थर. पण मराठीत वाळवंट म्हणजे मुळात नदीकाठचा वाळूचा पट्टा. पंढरपूरला चंद्रभागेचं वाळवंट आहे आणि आषाढीला तिथे पाय ठेवायला जागा नसते. टाळ, मृदंग, कीर्तन, सगळं त्या वाळवंटातच चालतं. आपल्याकडे साखळीला वळसा घालून जाणाऱ्या नदीचं नावच वाळवंटी आहे आणि तिच्या काठाला कुणी रखरखीत म्हणणार नाही. वाळू म्हणजे निर्जीव, हा अर्थ पाठ्यपुस्तकातून आपल्यात उतरला.

दुसरं उदाहरण ‘जंगल’चं. आज हा शब्द ऐकला की म्हादईच्या किंवा मोलेच्या अभयारण्यातली गर्द झाडी आठवते. संस्कृतातला ‘जांगल’ नेमका उलटा आहे. आयुर्वेदात देशाचे प्रकार सांगितले आहेत. आनूप म्हणजे पाणथळ, दाट झाडीचा, दमट प्रदेश. आपलं कोकण आणि गोवा त्यात बसतात. जांगल म्हणजे कोरडा, मोकळ्या आकाशाचा, विरळ आणि काटेरी झाडांचा, हरणांचा प्रदेश. आयुर्वेदाच्या मते जांगल देशाची हवा आरोग्याला चांगली. म्हणजे ज्याला आज अधिकारी ‘झुडपी पडीक जमीन’ म्हणतील, त्याच भूभागाला वैद्य आरोग्यदायी म्हणत होते. पुढे शेती न झालेल्या कुठल्याही रानाला जंगल म्हणू लागले आणि हळूहळू अर्थ गर्द झाडीकडे सरकला. झाडी दाट असेल तरच निसर्ग, नाहीतर रिकामी जागा, ही आपली समजूतही त्याच वाटेने घट्ट झाली.

## दप्तरात ‘पडीक’ कसं ठरतं?

आता सरकारी कागदाकडे वळू, कारण जमिनीचं पुढे काय होणार ते तिथे ठरतं.

समजा, एका घरमालकाकडे दहा खोल्या आहेत आणि त्याची भाड्याची वही आहे. नऊ खोल्यांपुढे भाडेकरूंची नावं आहेत. दहाव्या खोलीत त्याची आई राहते, तिथेच वर्षाचं धान्य ठेवलेलं असतं, तिथेच देव्हारा आहे. वहीत त्या खोलीपुढे काय लिहिणार? ‘रिकामी’. वही खोटी नाही. भाड्यापुरती ती बरोबरच आहे. पण उद्या कुणी नुसती वही वाचून म्हणालं की ही खोली रिकामी आहे, दुकानाला देऊन टाका, तर?

महसुली दप्तर ही अशी वही आहे. जमिनीवर सारा किती बसवायचा हे ठरवण्यासाठी ते तयार झालं. ज्या जमिनीतून सारा येत नाही ती त्या वहीच्या दृष्टीने वाया गेलेली. ब्रिटिश मुलखात याच अर्थाने लाखो एकर चराऊ रानं आणि माळ ‘वाया’ गेलेल्या जमिनीत मोजले गेले. पोर्तुगिजांकडेही न कसलेल्या जमिनीसाठी वेगळे शब्द आणि वेगळे कायदे होते. आल्वारा म्हणजे सरकारने लागवडीच्या अटीवर दिलेली जमीन, आणि आफोरामेंत म्हणजे कोमुनिदादने, गावच्या सामायिक जमिनीच्या जुन्या संस्थेने, कायमच्या भाडेपट्ट्याने दिलेली जमीन. दोन्हींमागे जमीन ‘लागवडीखाली आणावी’ हाच विचार. तो विचार वाईट नव्हता. त्यातूनच उतारावर काजू उभा राहिला, आणि काजूची फेणी आज भौगोलिक मानांकन मिरवते. पण न कसलेली जमीन म्हणजे कुणाच्याच उपयोगाची नसलेली जमीन, हा अर्थ त्या विचाराला नकळत चिकटला.

स्वतंत्र भारतात शेतीच्या आकडेवारीसाठी जमिनीचे नऊ वर्ग केले आहेत. त्यात ‘चालू पड’ म्हणजे या वर्षी न पेरलेली जमीन. एक ते पाच वर्षं न पेरलेली ती ‘इतर पड’. पाच वर्षांहून जास्त काळ न कसलेली पण कसता येईल अशी ती ‘लागवडयोग्य पडीक’. आणि डोंगरकडे, कातळ वगैरे ‘नापीक व लागवडीस अयोग्य’. आता सत्तरी-सांग्याची कुमेरी शेती आठवा. उताराचा एक तुकडा साफ करून नाचणी, वरी घ्यायची आणि मग तो काही वर्षं विश्रांतीला सोडायचा. ती विश्रांती शेतीचाच भाग आहे, पण वर्गवारीत तो तुकडा आधी पड आणि मग पडीक होतो.

गोव्यात प्रत्येकाच्या कपाटात एक-चौदाचा उतारा, म्हणजे जमिनीच्या हक्कनोंदीचा कागद, असतो. तो काढून बघा. लागवडीखालच्या क्षेत्राचे रकाने आहेत जिरायत, बागायत, भात, खाजण, केर आणि मोरड. खाजण म्हणजे खाडीकाठची, बांध घालून भरतीपासून राखलेली जमीन. केर म्हणजे रेताड, हलकी भातजमीन. मोरड म्हणजे वरच्या अंगाची, फक्त पावसावर पिकणारी. हे तिन्ही शब्द इथल्याच शेतातून उतरलेले आहेत आणि ते सरकारी छापील कागदावर टिकले याचा मला फार आनंद वाटतो.

पण त्याच कागदावर खाली आहे पोटखराबा, वर्ग अ आणि वर्ग ब. या शब्दांची व्याख्या महाराष्ट्राच्या १९६८च्या महसुली नियमांत स्पष्ट दिली आहे. अ म्हणजे मोजणीच्या वेळी शेतीला अयोग्य ठरलेली जागा, आणि त्यात शेतकऱ्याचं खळंसुद्धा येतं. ब म्हणजे रस्ता किंवा पाऊलवाट, स्मशान, लोक ज्याचं पाणी पितात तो ओढा किंवा तळं, अशी सार्वजनिक वापराची जागा. गाव ज्या पाण्यावर जगतं ते पाणी, आणि सगळं धान्य जिथे झोडून रास लावतात ते खळं, दोन्ही कागदावर ‘खराबा’! नियम करणाऱ्यांना खराबा म्हणजे फक्त ‘सारा न बसवलेलं’ एवढंच म्हणायचं होतं. वाचणारा मात्र ‘खराब’ असं वाचतो.

या सगळ्याच्या वर आहे पडीक जमिनींचा राष्ट्रीय नकाशासंग्रह. उपग्रहचित्रांवरून तो तयार होतो. पहिला २००० साली निघाला आणि अलीकडचा २०१९ साली. त्यात देशाची सुमारे १७ टक्के जमीन पडीक दाखवली आहे, २३ प्रकारांत विभागून. दाट झुडपांची जमीन, विरळ झुडपांची जमीन, उघडा कातळ, पाणथळ, किनाऱ्यावरची वाळू, आणि त्याच यादीत खाणींनी नासवलेली जमीनही. निसर्गतःच तशी असलेली जागा आणि माणसाने उद्ध्वस्त केलेली जागा एका मथळ्याखाली बसवणं ही त्या यादीची मोठी उणीव आहे.

## सडा : मे महिन्यात मेलेला, जुलैत जिवंत

गोव्यात हा वाद सगळ्यात जास्त सड्यांवरून होतो, म्हणून इथे जरा थांबू.

सडा म्हणजे डोंगराचा सपाट माथा, जांभ्या दगडाचा. पोर्तुगीज नावांत तो ‘आल्त’ किंवा ‘आल्तो’ होऊन आला, म्हणजे उंचावरचा : आल्तो-पर्वरी, आल्तिनो. भरपूर पाऊस आणि कडक ऊन यांच्या आलटून-पालटून माऱ्याने खडकातली सिलिका लाखो वर्षांत धुऊन जाते आणि लोह व ॲल्युमिनियमची संयुगं मागे राहतात. तोच लालसर, भोकाभोकांचा जांभा. जमिनीत असताना तो बराच मऊ असतो. चिरा कापून हवेत ठेवला की घट्ट होत जातो. फ्रान्सिस बुकानन या ब्रिटिश सर्जनाने १८०० साली मलबारात लोकांना असे चिरे कापताना पाहिलं आणि १८०७ साली छापलेल्या प्रवासवर्णनात विटेसाठीच्या लॅटिन शब्दावरून या दगडाला ‘लॅटराइट’ असं शास्त्रीय नाव दिलं. जुन्या गोव्याच्या बॉम जेझू बासिलिकाच्या गिलावा नसलेल्या भिंतींत दिसतो तो हाच दगड.

सड्यावर माती असते ती काही इंचांची, कुठे तीही नाही. उन्हाळ्यात दगड तापतो, गवत करपतं, टिटवीच्या ओरडण्याखेरीज आवाज नसतो. नेमका याच मोसमात, पावसाचा अडथळा नको म्हणून, जागेची पाहणी होते आणि फोटो निघतात. फोटो खोटे नसतात. ते एका मोसमाचे असतात.

जूनमध्ये पहिला पाऊस पडला की दगडाच्या फटींतले कंद जागे होतात. दिपकाडीची पांढरी फुलं येतात. तिच्या एका जातीच्या शास्त्रीय नावातच गोवा आहे. मग खळग्यांत पाणी साचतं, त्यात बेडूक अंडी घालतात. जुलै-ऑगस्टात गेंदाचे पांढरे गोंडे आणि सीतेच्या आसवांचा निळा-जांभळा गालिचा पसरतो. हे सीतेचं आसू दिसायला नाजूक असलं तरी कीटकभक्षी आहे. सड्याच्या मातीत नत्र जवळजवळ नसतं; ते मिळवण्यासाठी पाण्यातले सूक्ष्म जीव ही वनस्पती बारीक पिशव्यांत पकडते. दवबिंदू नावाची तिची सोबतीण चिकट पानांवर कीटक धरते. म्हणजे ज्या नापीकपणाला आपण दोष म्हणतो, त्यामुळेच ही झाडं इथे आहेत. माती टाकून, खत घालून सडा ‘सुपीक’ केला तर ती नाहीशी होतील, कारण मग साधं गवतच त्यांना दाबून टाकेल.

या फुलांचं कौतुक काससाठी आपण करतो. साताऱ्याचं कास पठार २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशाचा भाग आहे, आणि तेही जांभ्याचंच आहे. आपल्या गावाबाहेरच्या सड्याकडे मात्र तिकीट काढून कुणी जात नाही, म्हणून तो पडीक!

फुलांपेक्षा महत्त्वाचं आहे पाणी. गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, बहुतेक सगळा चार महिन्यांत. जांभा भोकांचा, भेगांचा असल्याने त्यातलं बरंच पाणी खाली मुरतं, तळच्या चिकणमातीवर अडतं आणि डोंगराच्या पायथ्याला झर होऊन बाहेर येतं. वेर्ण्याची केसरवाळ, पोंबुर्प्याची झर ही नावं प्रसिद्ध आहेत, पण गावोगावी अशा बिननावाच्या झरी आणि विहिरी आहेत. कुळागराचं, म्हणजे सुपारीच्या बागेचं, पाट-पाणी वरच्या डोंगरातून येतं हे कुळागर राखणाऱ्याला सांगावं लागत नाही. वरचा सपाट माथा काँक्रीटने झाकला की पावसाचं पाणी मुरायचं थांबून एकदम खाली धावतं. मग पावसाळ्यात पायथ्याला पूर येतो आणि एप्रिलमध्ये त्याच गावात टँकर येतो.

जनावरांसाठी सडा ही पावसाळ्यातली चराई. खालची शेतं भाताने भरलेली असताना गुरं न्यायची कुठे? वरच. धनगर-गवळ्यांच्या चालीरीती या माळांशी बांधलेल्या आहेत. आणि चतुर्थीला गणपतीच्या वर बांधायची रानफळांची माटोळी! शेरवडं, कांगलां, घागऱ्यो, हरणां, कवंडळं, फागलां यांतलं किती बाजारात पिकतं? डोंगर, सडा आणि रानाच्या कडा यांच्यावरूनच ते घरात येतं. गणपतीच्या डोक्यावर आपण जे बांधतो, त्यातलं बरंचसं कागदोपत्री पडीक जमिनीत उगवलेलं असतं.

जांभ्यावर माणसाचाही फार जुना हात फिरला आहे. सांगे तालुक्यात कुशावतीच्या काठी उसगाळीमळ (फणसामळ) इथे जांभ्यावर कोरलेली चित्रं १९९३ साली उजेडात आली : बैल, मानवी आकृती, वर्तुळात फिरणारा चक्रव्यूह. कोकणातल्या कातळशिल्पांच्या बरोबरीने हे ठिकाण २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत गेलं. रत्नागिरी-सिंधुदुर्गातली बहुतेक कातळशिल्पं सड्यांवर आहेत, ज्यांना एरवी कुणी ढुंकून पाहिलं नसतं.

## खाजण आणि खाण

खाजणाबद्दल थोडक्यात. गोव्यात सुमारे १८,००० हेक्टर खाजण आहे. बांध आणि मानस (भरतीचं पाणी अडवणारी दारं) यांच्या जोरावर पावसाळ्यात तिथे कोरगुटासारखं खारं पाणी सोसणारं भात होतं, आणि भात निघाल्यावर मासळी. एप्रिलमध्ये मळलेला, भेगाळलेला हा पट्टा बघून नवख्याला तो मेलेला वाटतो. बांध फुटला आणि दुरुस्त झाला नाही तर मात्र खारं पाणी आत राहतं आणि काही वर्षांत तिथे खारफुटी उगवते. मग शेतकरी म्हणतो माझं शेत पडीक झालं, पर्यावरणवाला म्हणतो जंगल झालं, आणि दोघंही खरं बोलत असतात. २०११च्या किनारी नियमन अधिसूचनेत गोव्याच्या खाजणांसाठी वेगळी तरतूद करावी लागली : त्यांचे नकाशे करायचे, ती राखायची, तिथे बांधकाम नाही.

आणि ज्याला खरोखर उजाड म्हणावं ती जागा गोव्यात कुठे आहे? डिचोली, सत्तरी, सांगे या तालुक्यांच्या खाणपट्ट्यात. लोहखनिजाचा एक टन काढायला त्याच्या दुप्पट-तिप्पट माती-दगड उपसावा लागतो. त्याचे डंप उभे राहिले, पावसात ती माती वाहून शेतांत आणि ओढ्यांत बसली, आणि मागे खोल खड्डे राहिले. २०१२ साली खाणी बंद झाल्या, पुन्हा सुरू झाल्या, २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द ठरवलं. खाणी कधी चालू, कधी बंद. डंप मात्र तिथेच. वैराण हा शब्द इथे शोभतो, कारण इथे काहीतरी होतं आणि ते गेलं.

## ‘शब्दाने काय होतं? कायदा महत्त्वाचा’

हा आक्षेप रास्त आहे, पण कायदा शब्दांवरच चालतो. मोपा विमानतळाचं प्रकरण बघा. पर्यावरण परवान्यासाठी भरायच्या अर्जात विचारलेलं असतं की प्रकल्पापासून १५ किलोमीटरच्या आत जंगल किंवा संवेदनशील क्षेत्र आहे का. पेडण्याच्या त्या पठाराभोवतीच्या जंगलांची माहिती अर्जात नव्हती. मार्च २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नेमकं यावर बोट ठेवलं, परवाना स्थगित केला आणि तज्ज्ञ समितीला फेरविचार करायला लावला. जानेवारी २०२० मध्ये जादा अटींसह स्थगिती उठली आणि विमानतळ आज चालू आहे. विमानतळ हवा की नको हा वेगळा वाद. पण अर्जातल्या एका रिकाम्या रकान्याने देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत वेळ आणली, हे विसरता येत नाही.

राजस्थानातही हेच घडलं. तिथल्या ‘ओरण’ म्हणजे देवासाठी राखलेल्या रानांचा मोठा भाग महसुली दप्तरात पडीक म्हणून लिहिलेला होता. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांची मोजणी करून त्यांना वन म्हणून नोंदवायला सांगितलं. जमीन तीच, रकाना बदलला आणि तिचे हक्क बदलले.

## ‘बरं, मग तिथे झाडं लावू. त्यात काय वाईट?’

हे बोलणारी माणसं चांगल्या मनाची असतात, म्हणून नीट उत्तर द्यायला हवं. जिथे जंगल तुटलं तिथे झाडं लावावीत, खाणीच्या डंपवर लावावीत, जरूर लावावीत. पण सड्यावर मुळातच मोठी झाडं नव्हती, कारण मुळं धरायला मातीच नाही. यापूर्वी गोव्यात आणि कोकणात अशा माथ्यांवर ऑस्ट्रेलियन अकेशियाची लागवड झाली. ती हिरवी दिसते. पण तिच्या पानांच्या थराखाली गेंद उगवत नाही आणि गुरांना चरायला गवत राहत नाही.

२०२३ साली केंद्राने हरित पतयोजना (ग्रीन क्रेडिट) आणली. तिच्यात ऱ्हास झालेल्या जमिनीवर झाडं लावून पत मिळवता येते. म्हणून ‘ऱ्हास झालेली’ या शब्दाची व्याख्या आता पैशांशीही बांधली गेली आहे. नैसर्गिक माळाला तो शब्द लागला तर माळ मोडून झाडं लावणं हीच पर्यावरणसेवा ठरेल. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष चराऊ रानं आणि पशुपालक यांच्यासाठी जाहीर केलं, हेही इथे आठवावं.

## ‘मग लोकांनी घरं बांधायची कुठे?’

कुठेतरी बांधावीच लागणार. शेतात नको, खाजणात नको, जंगलात नको, उतारावर नको. उरतो तो सपाट सडा, आणि तर्काने बोट तिकडेच जातं. गोवा विद्यापीठ, बांबोळीचं इस्पितळ, वेर्ण्याची औद्योगिक वसाहत, दाबोळी विमानतळ, सगळी पठारांवरच उभी आहेत आणि त्यांच्याशिवाय आजचा गोवा चालणार नाही. ३,७०२ चौरस किलोमीटरच्या राज्यात प्रत्येक सडा जसाच्या तसा राहील असं म्हणणं खरेपणाचं होणार नाही. मागणी एवढीच असू शकते की निवड उघड्या डोळ्यांनी व्हावी. या माथ्याखाली कोणत्या झरी आहेत, पावसाळ्यात इथे काय उगवतं, गुरं कुणाची चरतात, हे आधी कागदावर यावं आणि मग ठरावं. ‘पडीक’ एवढं लिहिलं की हे प्रश्न विचारायचे राहूनच जातात.

हे कागदावर आणायचा एक रस्ता कायद्यातच आहे. जैवविविधता कायदा २००२ सालचा. त्याखाली पंचायत पातळीवर जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिने लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची असते. त्या वहीत सड्याचं गावातलं नाव, तिथल्या झरी, माटोळीला येणाऱ्या वस्तू, औषधी कंद, चराईच्या वाटा, राखणदाराची (गाव राखणाऱ्या देवाची) जागा, सगळं लिहिता येतं, आणि हरकत नोंदवताना त्या नोंदीचा आधार घेता येतो. ही माहिती ज्यांना तोंडपाठ आहे ते गावातले गुराखी, वैदू आणि माटोळी बांधणारी म्हातारी माणसं आहेत. समितीच्या बैठकीला त्यांना बोलावलं पाहिजे. आणि सड्याची नोंद करायला माणसं पाठवायची ती जून ते सप्टेंबर या काळात, चार महिन्यांत निदान दोनदा, कारण जूनमध्ये फुलणारी दिपकाडी सप्टेंबरात दिसत नाही आणि सप्टेंबरातला तेरडा जूनमध्ये नसतो.